‘नटक्रॅकर’ या शब्दाचा नेमका अर्थ कसा ओळखावा आणि त्याला मराठीत काय म्हणावे

‘नटक्रॅकर’ हा शब्द मराठीत आणायची वेळ आली की पहिल्यांदा ‘अडकित्ता’ हाच शब्द सुचतो. शाळेत दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण म्हणून अडकित्ता शिकलेला असतो आणि नटक्रॅकरही त्याच प्रकारची तरफ असल्यामुळे हा समज पक्का होतो. दोघांची घडण खरोखर सारखी आहे: टेकू एका टोकाला, हाताचे बल दुसऱ्या टोकाला आणि भार दोघांच्या मध्ये. पण अडकित्त्याला पाते असते आणि पात्याला धार असते, म्हणून तो सुपारी कातरतो. नटक्रॅकरला धार नसते, तो टणक कवच दाबून फोडतो आणि आतला गर शक्यतो अखंड ठेवतो. कातरणे आणि फोडणे ही आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि हा भेद भाषांतरात पुसला जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

नुसता ‘नटक्रॅकर’ असा देवनागरी शब्द ठेवून दिला तरी काम संपत नाही. मराठीत ‘नट’ म्हणजे रंगमंचावरचा अभिनेता, आणि कारखान्यात ‘नट’ म्हणजे बोल्टवर फिरवून बसवायचा आट्यांचा तुकडा. गंजून घट्ट बसलेला नट फोडण्यासाठी वेगळे अवजार असते आणि त्याला ‘नट स्प्लिटर’ म्हणतात. नटक्रॅकरशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे लेखात हा शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘अक्रोड, बदाम यांसारख्या फळांचे कवच फोडण्याचे साधन’ एवढा खुलासा द्यावा आणि नंतर ‘नटक्रॅकर’ किंवा ‘कवचफोडणी’ यांपैकी एकच शब्द शेवटपर्यंत वापरावा.

अर्थ ओळखण्यासाठी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या वाक्यात ‘फोडणे’ महत्त्वाचे आहे की ‘दोन बाजूंमध्ये चेपले जाणे’? या शब्दाचे जवळजवळ सगळे अर्थ या दोन कल्पनांपैकी एकीतून निघालेले आहेत. पुढे येणारे पक्षी आणि बाहुला हे अर्थ फोडण्यातून आले. युद्धातली चाल आणि शिरेचा विकार चेपण्यातून आले. उत्तर मिळाले की मराठी शब्द शोधणे सोपे जाते.

आधी साधन घेऊ, कारण ते हातात धरून पाहिल्याशिवाय बाकीचे अर्थ नीट उमगत नाहीत. दोन दांड्यांच्या नटक्रॅकरमध्ये अक्रोड बिजागरीपासून ३ सेंटीमीटरवर असेल आणि मूठ १५ सेंटीमीटरवर असेल, तर हाताने लावलेले बल कवचावर सुमारे पाचपट होऊन पडते. अक्रोड बिजागरीच्या आणखी जवळ सरकवला तर ही पट वाढते. अडचण पुढे येते. कवच टिकून असते तोवर ते हाताला विरोध करत असते, आणि फुटते त्या क्षणी तो विरोध एकाएकी नाहीसा होतो. जोर मात्र तसाच चालू राहतो आणि दोन्ही दांड्या मिटून आतला गर चुरडतात. म्हणून एका दमात जोर लावू नये. पहिली बारीक ‘कट्’ ऐकू येईपर्यंतच दाबावे, दांड्या सैल करून अक्रोड थोडा फिरवावा, पुन्हा तेवढेच दाबावे, आणि असे तीन-चार वेळा केल्यावर कवच बोटांनी उकलावे. स्क्रूच्या नटक्रॅकरमध्ये हा धोका कमी असतो, कारण तिथे प्रत्येक वळशाला दाबणारे टोक ठरावीक अंतरच पुढे सरकते आणि कवच तडकले तरी ते आपोआप आत घुसत नाही. मॅकेडेमियासारख्या फार कठीण कवचासाठी स्क्रूचाच प्रकार निवडावा. इंग्रजीत या साधनाचा उल्लेख कधी एकवचनी, कधी कात्रीसारखा अनेकवचनी येतो. अनेकवचन दिसले म्हणून मराठीत दोन नटक्रॅकर करू नयेत, वस्तू एकच असते. खेकड्याची नांगी फोडण्यासाठीही हेच साधन वापरतात, त्यामुळे पाककृतीत हा शब्द आला की अक्रोड शोधत बसू नये.

लाकडी सैनिकाच्या रूपातला नटक्रॅकर जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील एर्झगेबिर्गे या डोंगराळ भागातून आला. पाठीमागची दांडी उचलली की त्याचा जबडा उघडतो आणि दांडी खाली दाबली की तो मिटतो. आजचे बहुतेक बाहुले शोभेसाठी असतात आणि त्यांच्या जबड्यात अक्रोड घातला तर जबडाच निखळण्याची शक्यता असते. इथे ‘नटक्रॅकर बाहुला’ असे म्हटले की पुरते.

वाक्यात रंगमंच, वाद्यवृंद किंवा नाताळ यांचा उल्लेख असेल तर अर्थ बहुधा रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या बॅलेचा (नृत्यनाट्याचा) असतो. जर्मन लेखक ई. टी. ए. हॉफमन यांची मूळ कथा १८१६ सालची. अलेक्झांडर ड्यूमा (थोरले) यांनी १८४४ मध्ये तिचे फ्रेंच रूपांतर केले आणि बॅले त्यावर बेतला गेला. पहिला प्रयोग डिसेंबर १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंदिरात झाला. बॅलेतले निवडक तुकडे घेतलेली वाद्यवृंदाची मालिका मात्र त्याच वर्षी, बॅलेच्या आधीच वाजवली गेली होती, म्हणून बॅले आणि मालिका यांत घोटाळा करू नये. शीर्षक म्हणून आलेले ‘द नटक्रॅकर’ हे विशेषनाम आहे. ते अवतरणचिन्हांत तसेच ठेवावे, त्याचे भाषांतर करू नये.

पक्ष्याच्या बाबतीत चूक सर्वांत लवकर होते आणि सर्वांत जास्त खटकते. एका हस्तलिखितात मी ‘पाइनच्या शेंड्यावर अडकित्ता बसला होता’ हे वाक्य प्रत्यक्ष वाचले आहे. आजूबाजूला झाड, शंकू, पंख हे सगळे शब्द असूनही अनुवादकाच्या मनातली वस्तू बदलली नव्हती. हे पक्षी कावळ्याच्या कुळातले असून त्यांच्या प्रजातिसमूहाचे लॅटिन नाव न्यूसिफ्रागा आहे. त्याचाही अर्थ ‘कवचफळ फोडणारा’ असाच होतो. युरोप-आशियात ठिपकेवाला नटक्रॅकर आढळतो, हिमालयात त्याचे नातलग आहेत, आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वतांत क्लार्कचा नटक्रॅकर राहतो. विल्यम क्लार्क या शोधप्रवाशाने १८०५ मध्ये त्याची नोंद केली, म्हणून त्याचे नाव याला मिळाले. या पक्ष्याच्या जिभेखाली एक पिशवी असते. तीत तो पाइनच्या बिया भरून नेतो आणि हिवाळ्यासाठी हजारो बिया जमिनीत थोड्याथोड्या पुरून ठेवतो. व्हाइटबार्क पाइनचे शंकू पिकल्यावर आपणहून उघडत नाहीत, त्यामुळे या झाडाची नवी पिढी जवळजवळ सर्वस्वी या पक्ष्याने पुरलेल्या आणि न उकरलेल्या बियांतून उगवते. मराठीत आपण ‘लाकूडतोड्या’ सहज म्हणतो. त्याच चालीवर या पक्ष्याला ‘बीफोड्या’ म्हणावे असे मी सुचवेन, मात्र शास्त्रीय मजकुरात पहिल्यांदा ‘नटक्रॅकर’ हे नावही द्यावे.

आता चेपण्याच्या अर्थाकडे वळू. सैन्य दोन बाजूंनी एकाच वेळी चालून येते आणि मधल्या शत्रूला पिळून काढते, तेव्हा इंग्रजीत हाच शब्द येतो, आणि इथे मात्र ‘अडकित्ता’ अगदी चपखल बसतो, कारण ‘अडकित्त्यात सापडणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे याच अर्थाने रुळलेला आहे. जुन्या इंग्रजी कथांमध्ये एखाद्या म्हाताऱ्या पात्राचे नाक आणि हनुवटी नटक्रॅकरसारखी असल्याचे वर्णन येते. दात पडल्यामुळे जबडा आत जाऊन हनुवटी नाकाकडे वळलेली असते. आपण त्यालाच ‘तोंडाचे बोळके झाले’ म्हणतो, तिथे अवजाराचे नाव आणण्याचे कारण नाही.

वैद्यकीय मजकुरात सर्वांत जास्त सावधगिरी हवी, कारण वाचणारा बहुतेक वेळा स्वतः रुग्ण किंवा त्याच्या घरचा माणूस असतो. ‘नटक्रॅकर सिंड्रोम’मध्ये डाव्या मूत्रपिंडातून रक्त परत नेणारी शीर दोन रोहिण्यांच्या बेचक्यात दाबली जाते: एक महाधमनी आणि दुसरी तिच्यापासूनच फुटून आतड्यांकडे जाणारी रोहिणी. त्यामुळे लघवीतून रक्त जाणे, डाव्या कुशीत दुखणे अशी लक्षणे दिसू शकतात. शीर दाबलेली दिसते पण त्रास नसतो, तेव्हा डॉक्टर ‘नटक्रॅकर फिनॉमेनन’ म्हणतात. दोन्हींना सरसकट ‘विकार’ म्हटले तर निरोगी माणूस विनाकारण घाबरतो. ‘नटक्रॅकर इसोफेगस’ ही वेगळी गोष्ट आहे: तिथे अन्ननलिका घास खाली ढकलताना प्रमाणाबाहेर जोराने आकुंचन पावते, म्हणजे ती स्वतःच दाबणारी असते. पायाच्या बाहेरच्या बाजूला असलेले क्युबॉइड हे छोटे हाड टाचेचे हाड आणि पुढची लांब हाडे यांच्यामध्ये चेपून मोडते, त्याला ‘नटक्रॅकर फ्रॅक्चर’ म्हणतात. या तिन्ही ठिकाणी मूळ नाव देवनागरीत तसेच ठेवावे, म्हणजे वाचणाऱ्याला ते आपल्या तपासणीच्या कागदाशी ताडून पाहता येईल, आणि लगेच एका वाक्यात काय, कशामुळे आणि कुठे दाबले जाते ते सांगावे.

मानवाच्या उत्क्रांतीवरील लेखनात ‘नटक्रॅकर मॅन’ भेटतो. १९५९ मध्ये मेरी लीकी यांना टांझानियातील ओल्डुवाई घळीत सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची एक कवटी सापडली, जिला आज पॅरान्थ्रोपस बॉइसी या नावाने ओळखतात. प्रचंड दाढा आणि भक्कम जबडा पाहून हा प्राणी टणक कवचे फोडून खात असावा असे वाटले आणि त्यातून हे टोपणनाव पडले. पुढे दातांवरच्या सूक्ष्म खुणा तपासल्या, तेव्हा कठीण पदार्थ फोडताना पडणारे खड्डे त्यांवर आढळले नाहीत, आणि दातांच्या लुकणातील (वरच्या टणक थरातील) कार्बनच्या अभ्यासातून त्याचा आहार मुख्यतः गवत आणि लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतींचा होता असे २०११ मध्ये दिसून आले. म्हणून इथे ‘कवच फोडणारा मानव’ असे अर्थ सांगणारे भाषांतर करू नये; ‘नटक्रॅकर मॅन’ हे टोपणनाव अवतरणचिन्हांत ठेवावे आणि पुढच्याच वाक्यात दातांचा हा पुरावा मांडावा.