कर्करोगाने मोडलेल्या हाडात नेल टाकण्यापूर्वी

निवासी डॉक्टर म्हणून माझे दुसरे वर्ष चालू असताना, ८ वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या एका बाईंची मांडी चालता चालता मोडली. एक्स-रेमध्ये फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) मध्यभागी एकच पोखरलेली जागा दिसत होती. जुना कर्करोग माहीत असल्यामुळे हे मेटास्टॅसिसच (दुसरीकडून हाडात पसरलेला कर्करोग) आहे असे आम्ही गृहीत धरले आणि त्याच संध्याकाळी नेल (हाडाच्या पोकळीत बसवायचा धातूचा दांडा) टाकला. रीमिंगमधून, म्हणजे नेलसाठी हाडाची पोकळी कोरताना, निघालेला ऊतक तपासणीला पाठवला होता. त्याचा अहवाल आला तेव्हा ती गाठ सारकोमा, म्हणजे हाडातच उगवलेला कर्करोग, निघाली. रीमरने तिच्या पेशी मज्जापोकळीभर पसरल्या होत्या आणि नेल शिरवलेल्या वाटेवरचे स्नायूही दूषित झाले होते. गाठीपुरते हाड काढून पाय वाचवणे आता शक्य राहिले नाही आणि तो खुब्यातून काढावा लागला.

म्हणून स्पष्ट सांगतो: हाडातली जागा एकच असेल आणि हाडात कर्करोग पसरल्याचे आधी सिद्ध झालेले नसेल, तर पूर्वीचा इतिहास कितीही ठळक असला तरी बायोप्सीच्या अहवालाआधी नेल टाकू नका. संपूर्ण हाडाचा एक्स-रे, एमआरआय, छाती व पोटाचा सीटी आणि मायलोमासाठी (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगासाठी) रक्ततपासणी करून घ्या. बायोप्सीचा छेद पुढच्या शस्त्रक्रियेच्या छेदरेषेतच, अवयवाच्या लांबीला समांतर घ्यावा, म्हणजे गरज पडल्यास ती वाट गाठीसह काढता येते. ‘रीमिंग पाठवू, मग बघू’ असे सांगणारे वरिष्ठ तुम्हालाही भेटतील. माझ्या मते हा सल्ला धोकादायक आहे, कारण तो अहवाल येईपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

थांबण्याची भीती मात्र बाळगू नका. ट्रॅक्शन (वजन लावून पाय ताणून धरणे) किंवा स्प्लिंट आणि पुरेशी वेदनाशामके दिली, तर रुग्ण काही दिवस सुसह्यपणे काढू शकतो. तेवढ्यात रक्तातले कॅल्शियमही तपासून होते.

निदान पक्के झाल्यावरची वाट बरीच सरळ आहे. हाड अजून मोडलेले नसेल तर १९८९ मधील मिरेल्स गुणांकन (हाड मोडण्याचा धोका गुणांत मोजण्याची पद्धत) उपयोगी पडते. १२ पैकी ९ किंवा अधिक गुण असतील तर आधीच आधार द्यावा, ८ गुणांना मात्र आकड्यापेक्षा चालताना होणाऱ्या वेदनेकडे मी अधिक लक्ष देतो. मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा कर्करोग असेल तर रक्तस्राव फार होतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या १ ते २ दिवस आधी एम्बोलायझेशनचा (गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बंद करण्याचा) विचार करावा. फीमरचे डोके किंवा मान मोडली असेल तर स्क्रूंवर विसंबू नये, सांधाच बदलावा. हे हाड जुळून येईल या भरवशावर योजना आखता येत नाही. रुग्णाला लगेच पाय टेकवता यावा आणि रचना त्याच्या उरलेल्या आयुष्यभर टिकावी, यासाठी पोकळी बोन सिमेंटने भरण्यास संकोच करू नका.

जखम भरल्यावर, साधारण २ ते ४ आठवड्यांनी, रेडिओथेरपी सुरू होते. त्या विभागाला पाठवायच्या चिठ्ठीत नेलची पूर्ण लांबी स्वतः लिहा, कारण किरणांचे क्षेत्र केवळ मोडलेल्या जागेपुरते आखले गेले, तर नेलच्या टोकाशी राहिलेल्या पेशी पुन्हा हाड पोखरू लागतात.