घोणस अळी अंगाला लागली, तर आधी चिकटपट्टी

ही अळी चावत नाही. नावात घोणस असली तरी सापाचा आणि तिचा काही संबंध नाही. 2022 च्या पावसाळ्यात बीडकडे उसाच्या फडात जायला माणसं घाबरली, तीही हीच. हिरवट, ठेंगणी, गोगलगायीसारखी सरकणारी, अंगभर काट्यांचे झुबके. एरंड, आंबा, नारळ, बांधावरचं गवत, कुठेही सापडते.

सगळी चूक होते ती पहिल्या मिनिटात. आग झाली की हात आपोआप चोळायला जातो. चोळू नका. काटे पोकळ असतात, त्यांत विष असतं. टोकं कातडीत मोडून राहतात आणि चोळलं की आणखी आत जातात. चुना, हळद, रॉकेल लावायचा सल्ला तर कानाआड करा. काटे आतच राहतात, वर लेप बसतो, मग ते काढणं आणखी अवघड.

अळी अंगावर असेल तर काडीने उडवा. मग साधी चिकटपट्टी घ्या, हलकी दाबा आणि एका झटक्यात उचला. प्रत्येक वेळी नवा तुकडा; वापरलेला पुन्हा लावलात तर निघालेले काटे परत टोचतात. पाच-सहा तुकडे तरी लागतात. घामेजल्या कातडीवर पट्टी धरत नाही. पुसू नका, वाऱ्यावर सुकू द्या. डोळ्याजवळ पट्टी अजिबात नको. डोळ्यात काटा गेला तर भरपूर पाण्याने धुऊन थेट दवाखाना.

त्यानंतर साबण-पाणी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, वर खाण्याच्या सोड्याचा लेप. कपडे बदला आणि वेगळे धुवा.

श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, उलट्या किंवा चक्कर आली तर लेप-बर्फ करत बसू नका. 108 ला फोन करा.

झाडावरचं काम त्यामानाने सोपं. लहान अळ्या पानाखाली घोळक्याने हिरवा भाग खरवडतात, पान जाळीदार दिसतं. हातमोजे घालून अख्खं पान कात्रीने कापा, साबणाच्या पाण्यात बुडवा. अळ्या लहान असतानाच 5 टक्के निंबोळी अर्क पानाच्या खालून फवारा: 5 किलो निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, 100 लिटर पाणी करायचं. मोठ्या अळीवर त्याचा फारसा उपयोग नाही.

खोडावरचे टणक, गोलसर कोष खुरप्यानेच खरवडा. पतंग उडून गेलेल्या रिकाम्या कोषाचे काटेही टोचतात.