मेनूकार्डात कोणता पदार्थ कुठे लिहावा? या चुका टाळा

नाशकात मिसळीचं हॉटेल काढणारा माणूस काळ्या रश्श्याच्या मसाल्यावर महिनोन्‌महिने डोकं लावतो. मेनूकार्ड मात्र छापखान्यावर सोपवतो. तिथे यादी लागते भावाप्रमाणे, स्वस्त वर नि महाग खाली. हे करू नका. अशा यादीत गिऱ्हाईक पदार्थ सोडून आकडेच वाचू लागतं.

जे खपवायचं तेच यादीच्या पोटात दडवणं ही त्याहून मोठी चूक. डायान आणि बार-हिलेल या इस्रायली संशोधकांनी तेल अवीवच्या एका कॅफेत मेनूवरचे तेच पदार्थ जागा बदलून लावून पाहिले. २०११ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात, गटाच्या सुरुवातीला किंवा शेवटी असलेल्या पदार्थांची मागणी मधल्या जागेपेक्षा दुपटीपर्यंत वाढलेली दिसली. म्हणून पंधरा-वीस ओळींची सलग यादी नको. मिसळ, तळलेले पदार्थ, गोड, पेयं असे गट पाडा. जितके गट, तितकी टोकं जास्त.

वेटर तोंडी सांगतो तिथे हिशेब बदलतो. वाचताना वरचं आधी पटतं, ऐकताना शेवटचं कानात राहतं. 'वडा, भजी, साबुदाणा, जिलेबी' म्हटल्यावर जिलेबीचं पारडं जड होतं. पण लगेच 'पाव जादा आणू का?' असं विचारलं, की तो फायदा बराचसा जातो. शेवटचे शब्द थोड्याच वेळापुरते ध्यानात असतात, मध्ये दुसरं काही आलं की पुसले जातात. वेटरला एवढं जरूर शिकवा: यादी सांगून झाली की थांबायचं.

द्राक्षबागेत वाइन चाखायला देणाऱ्यांनीही सावध राहावं. २००९ साली छापलेल्या एका प्रयोगात सगळ्या पेल्यांत एकच वाइन ओतली होती, चाखणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. तरी पहिल्या पेल्याकडे कल जास्त होता. पाहुण्यांना खरंच काय आवडलं हे कळायला हवं असेल, तर प्रत्येक टेबलाला क्रम बदलून द्या.

आणि शिल्लक माल उठवायला पहिली ओळ वापरू नका. लोक तिच्यावर विश्वास टाकतात.

क्रम बदलल्याचा परिणाम मोजताना रविवारची तुलना रविवारशीच करा. श्रावणी सोमवारी तर मोजूच नका. त्या दिवशी साबुदाणा खपतो तो उपवासामुळे, तुम्ही तो वर छापलात म्हणून नव्हे.