दोन दोऱ्यांमधला ताण कसा काढायचा

छताला बांधलेल्या दोन दोऱ्या खाली एका गाठीत येतात आणि त्या गाठीला तिसऱ्या दोरीने १० किलोची वस्तू टांगली आहे. डावी दोरी छताशी ३०° चा कोन करते, उजवी ४५° चा. दोऱ्यांचं स्वतःचं वजन नगण्य धरू.

आकृती गाठीची काढा, वस्तूची नव्हे. वस्तूच्या आकृतीतून फक्त खालच्या दोरीचा ताण मिळतो: वस्तुमान १० × गुरुत्वीय त्वरण ९.८ = ९८ न्यूटन. (इथे नुसते १० लिहिले की पुढचं सगळं उत्तर चुकतं.) दोन्ही अज्ञात ताण एकत्र येतात ते गाठीपाशी. तिथे एक ठिपका काढून तीन बाण दाखवा. दोरी फक्त ओढते, ढकलत नाही. म्हणून प्रत्येक बाण दोरीच्याच रेषेत, गाठीपासून बाहेर. छताशी ३०° म्हणजे गाठीतल्या आडव्या रेषेशीही ३०°, कारण ते व्युत्क्रम कोन आहेत. ताणाचा आडवा घटक म्हणजे ताण × या कोनाचा कोसाइन, उभा घटक म्हणजे ताण × साइन. कोन भिंतीशी दिला असेल तर साइन आणि कोसाइनची अदलाबदल होते. सर्वाधिक गुण इथेच जातात.

गाठ हलत नाही, म्हणून दोन्ही दिशांत ओढ तोलली जाते. डावा ताण ‘ड’ आणि उजवा ‘उ’ धरून (३०° चा कोसाइन ०.८६६, साइन ०.५; ४५° चे दोन्ही ०.७०७):

आडव्या दिशेत: ड × ०.८६६ = उ × ०.७०७
उभ्या दिशेत: ड × ०.५ + उ × ०.७०७ = ९८

पहिल्या समीकरणातला ‘उ × ०.७०७’ दुसऱ्यात तसाच ठेवता येतो: ड × १.३६६ = ९८. म्हणजे ड = ७१.७ न्यूटन, उ = ८७.९ न्यूटन.

बेरीज ९८ नाही, जवळपास १६० आली, म्हणून घाबरून खाडाखोड करू नका. दोन्ही दोऱ्या वस्तू उचलतातच, शिवाय एकमेकींना आडव्या दिशेत ओढतात. तपासायचे ते उभे घटक: ३५.९ + ६२.१ = ९८. जास्त उभ्या दोरीत ताण जास्त, हेही जुळतं. उत्तर विचित्र किंवा ऋण आलं तर आधी कॅल्क्युलेटर रेडियनवर नाही ना, ते बघा.

वजन सरळ निम्मं वाटून टाकायचं ते फक्त दोन्ही दोऱ्या अगदी उभ्या असतील तेव्हाच. कोन समान असले तरी तिरक्या दोरीत ते चालत नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या मधोमध २ किलोची ओली चादर आहे आणि दोरी दोन्ही बाजूंना आडव्या रेषेशी जेमतेम ५° चा कोन करते, असं समजा. चादरीचं वजन १९.६ न्यूटन, दोरीतला ताण मात्र निम्मं वजन ÷ ५° चा साइन = ९.८ ÷ ०.०८७२, म्हणजे सुमारे ११२ न्यूटन. दोरी घट्ट ताणून बांधली की खिळा उपटून येतो तो यामुळेच.