ज्युनिअर विजेतेपद कसे जोखावे : आना कोन्यूहच्या निमित्ताने

नागपुरात रामनगरच्या टेनिस कोर्टांवर मुलांना सरावासाठी आणणाऱ्या पालकांना ज्युनिअर गटातले यश कितपत मनावर घ्यावे, हा प्रश्न हमखास पडतो. त्यांनी क्रोएशियाची टेनिसपटू आना कोन्यूह हिची कारकीर्द एकदा नीट अभ्यासावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरुवात वयापासून करावी. ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा; त्यांच्या ज्युनिअर गटात अठरा वर्षांपर्यंतचे खेळाडू उतरतात. कोन्यूहचा जन्म डिसेंबर 1997 चा. म्हणजे 2013 मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुलींच्या गटात एकेरी आणि दुहेरी दोन्ही जिंकल्या आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपनची एकेरीही मिळवली, तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. या वयात दोन वर्षांचे अंतरही सर्व्हिसच्या वेगात आणि तिसऱ्या सेटमधल्या दमसासात लगेच जाणवते, म्हणून विजेतेपदाच्या वर्षाशेजारी खेळाडूचे वय जरूर लिहावे.

त्यानंतर अंतिम फेरीत हरलेल्या खेळाडूचे पुढे काय झाले, ते शोधावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सर्वांत जास्त शिकायला मिळते ते इथेच. मेलबर्नला (ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये) कोन्यूहकडून हरलेली कातेरिना सिनियाकोव्हा पुढे दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली, तर न्यूयॉर्कला (अमेरिकन ओपनमध्ये) कोन्यूहला तिसऱ्या सेटपर्यंत झुंजवणाऱ्या टॉर्नेडो अलिशिया ब्लॅकची वाटचाल दुखापतींमुळे लवकरच खुंटली.

शरीराची नोंद वेगळी ठेवावी. कोन्यूहने 2015 मध्ये नॉटिंगहॅमची डब्ल्यूटीए (महिलांच्या व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा जिंकली, 2016 च्या अमेरिकन ओपनमध्ये अग्निएश्का राडवान्स्काला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि 2017 मध्ये ती जागतिक क्रमवारीत विसावी होती. पण उजव्या कोपरावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्याने तिची ऐन उमेदीची वर्षे हातची गेली. आपले मूल सर्व्हिस करताना कोपर चोळत असेल, तर स्पर्धा तोंडावर आली आहे म्हणून दुर्लक्ष करू नये; सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

लोकप्रियता मात्र या हिशेबात मिसळू नये. कोन्यूहहून दीड वर्षाने मोठ्या डोना वेकिचच्या नावावर एकही ज्युनिअर ग्रँड स्लॅम विजेतेपद नाही, तरीही 2024 ची विम्बल्डन उपांत्य फेरी आणि त्याच वर्षीचे पॅरिस ऑलिम्पिकचे रौप्यपदक यांमुळे आज तिचेच नाव अधिक लोकांना ठाऊक आहे. शिवाय तुलना कोणाशी आहे, हेही पाहावे. क्रोएशियाची लोकसंख्या सुमारे 39 लाख, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याहूनही कमी. पण तिथे गोरान इव्हानिसेविच आणि मारिन चिलिच यांच्यासारखे ग्रँड स्लॅम विजेते होऊन गेल्याने नव्या नावाला जागा मिळवणे सोपे नसते. आपल्याकडेही दिव्या देशमुख 2024 मध्ये ज्युनिअर विश्वविजेती झाली, तेव्हा बुद्धिबळाच्या जाणकारांनी दखल घेतली. घराघरांत तिचे नाव पोहोचले ते 2025 चा बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यावर.

शेवटी, खेळाडूचे ज्युनिअर वय संपल्यावरही ही नोंद चालू ठेवावी आणि दर दोन-तीन वर्षांनी तपासावी. कोन्यूहची नोंद शस्त्रक्रियांपाशी थांबवणाऱ्याला 2021 ची मायामीची स्पर्धा कळणारच नाही, जिथे क्रमवारीत खूप खाली घसरलेल्या कोन्यूहने त्या वेळची फ्रेंच ओपन विजेती इगा श्वियाँतेक हिला तीन सेटमध्ये हरवले होते.