कूलर-फ्रिज दुरुस्त करायचा की बदलायचा? फेब्रुवारीतच ठरवा

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की घरात कोणालाच शांतपणे विचार सुचत नाही. कूलर बंद पडतो, मिस्त्री दोन दिवस फिरकत नाही आणि मग दुकानात मिळेल तो उचलून आणतो. आम्हीही एकदा तेच केलं. जुन्या कूलरचा फक्त कंडेन्सर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा कपॅसिटर) गेला होता, हे नंतर कळलं. म्हणून हे काम थंडी सरताना, घरच्यांना सोबत बसवून करा.

१. आधी दोष शोधा. मोटर गुणगुणते पण पंखा फिरत नाही? प्लग काढून पातं हाताने फिरवा. सहज फिरलं तर बहुधा कंडेन्सर गेलाय, आणि तो स्वस्तात बदलतो. हवा येते पण गार लागत नाही? पंप आणि गवत बघा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने गवतावर पांढरा थर बसतो, बोटाने चोळला तर खडूसारखा चुरतो. तिथे गवत बदला, कूलर नको. टाकीचा पत्राच खालून सडला असेल तर मात्र एम-सीलवर फार तर एक हंगाम निघेल. आणि बॉडीला हात लावताच झटका बसत असेल, तर वायर-अर्थिंग तपासेपर्यंत तो चालूच करू नका. इथे काटकसर नको.

२. फ्रिजच्या दारात दहाची नोट धरून दार लावा. ओढताच सहज निघाली तर रबर सैल झालंय, ते बदलून मिळतं. वर्षात दुसऱ्यांदा गॅस भरायची वेळ आली, तर गळती सापडल्याशिवाय भरू देऊ नका.

३. वीज मोजा. गावाला जाताना फ्रिज सोडून सगळं बंद करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा, परतल्यावर पुन्हा बघा. समजा रोज २ युनिट पडले, म्हणजे वर्षाला ७३०. नव्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. लेबलवर २३० असतील तर ५०० युनिट वाचतील. त्याला तुमच्या बिलातल्या दराने गुणा.

४. आमच्या घरचा नियम असा: दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली आणि वस्तू दहा वर्षांची झाली, की बदलायची. दुरुस्तीच्या पावत्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या आहेत, त्यामुळे वाद होत नाही.

५. जुना फ्रिज भंगारात फोडायला देऊ नका, आतला गॅस हवेत जातो. दुकानदाराला एक्सचेंजचं विचारा, नाहीतर अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या.