टिप द्यायची, पण नीट : टेबलं सांभाळलेल्या माणसाकडून

नऊ वर्षं मी वेटर होतो. टेबल आवरताना किती पैसे ठेवलेत यापेक्षा कुठे ठेवलेत हे मी आधी बघायचो. बिलाच्या फोल्डरमधली नोट थेट गल्ल्यात जायची आणि तिथून माझ्याकडे परत येणं मालकाच्या मर्जीवर असायचं. हातात दिलेली नोट मात्र माझी. म्हणून टिप देण्याआधी हळूच विचारा, "हे तुम्हालाच मिळतं ना?" उत्तर चटकन आलं तर कार्डवर द्या. वेटर क्षणभर थांबला, काउंटरकडे बघून मग 'हो' म्हणाला, तर रोख काढा.

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. तिथे मालकाला टिपेतला वाटा ठेवता येत नाही, सगळी रक्कम कामगारांमध्ये वाटावी लागते. बाकी ठिकाणी विचारलेलं बरं.

किती द्यायचं हे तिथल्या पगाराच्या पद्धतीवर ठरतं. अमेरिकेत टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचं केंद्रीय किमान वेतन ताशी २.१३ डॉलर आहे, तेही १९९१ पासून जसंच्या तसं. किमान वेतनाची उरलेली रक्कम टिपेतून भरून निघेल असा तिथला हिशोब. काही राज्यांनी हा आकडा वाढवला आहे, कॅलिफोर्नियात तर पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, तरी टेबलावर बसून जेवलात तर १५ ते २० टक्के हा सगळीकडचा रिवाज. तिथे टिप न देणं म्हणजे नापसंती दाखवणं नव्हे, सरळ त्याच्या पगारातून कापून घेणं. उलट फ्रान्समध्ये सेवेचे पैसे पदार्थांच्या किमतीतच धरलेले असतात, वर चार नाणी ठेवली तरी पुरे. आणि जपानमध्ये ठेवूच नका, विसरलात असं समजून ते तुमच्या मागे पळत येतील.

हिशोब तोंडी जमतो. दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवा, दहा टक्के झाले. त्यात त्याचं निम्मं मिळवा, पंधरा. कर लागण्याआधीची रक्कम धरा. पण कूपन किंवा सवलत असेल तर मूळ रकमेवर मोजा, कारण सवलत मालकाने दिली, वेटरच्या फेऱ्या काही कमी झाल्या नाहीत. आणि बिल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मोठ्या घोळक्याच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं. यंत्रावर पुन्हा टक्के निवडले की दोनदा दिल्यासारखं होतं. आम्ही ते परत करायचो असं मी शपथेवर सांगणार नाही.

पदार्थ उशिरा आला म्हणून टिप कापणारे मला फार भेटले. तो उशीर बहुतेक वेळा स्वयंपाकघरातला असतो. वेटर उद्धट वागला तर जरूर कमी द्या, पण कारण मॅनेजरला सांगा. नुसती चिल्लर ठेवून गेलेल्या गिऱ्हाइकाचं म्हणणं आम्हाला कधीच कळलं नाही, आम्ही फक्त शिव्या घातल्या.

हॉटेलात राहिलात तर खोली साफ करणाऱ्या बाईंसाठी रोज सकाळी ठेवा, निघायच्या दिवशी एकदम नको. पाळ्या बदलतात. चार दिवस राबली एक आणि पैसे उचलले दुसरीने, असं होतं. सोबत 'तुमच्यासाठी' अशी चिठ्ठीही हवी, नाहीतर पाहुण्याचे विसरलेले पैसे समजून प्रामाणिक बाई हात लावत नाही. सामान उचलणाऱ्याला बॅगा मोजून, त्या खोलीत पोहोचल्यावर लगेच. टॅक्सीत वरची रक्कम पूर्ण करून टाकली की झालं. घरी जेवण आणणाऱ्याला मात्र पावसात, रात्री, जिने चढून आला असेल तर सढळ हाताने द्या.

सरकारी खिडकीपलीकडच्या माणसाला काहीही देऊ नका. त्याला टिप म्हणत नाहीत.

हे सगळं सुटे पैसे असतील तरच जमतं. प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी मी मोठी नोट मोडून लहान नोटा वेगळ्या खिशात ठेवतो. बॅगवाला समोर उभा असताना पाकीट उघडून नोटा चाळत बसलं की तो तिकडे बघतो, आपण इकडे बघतो, आणि शेवटी जी हाताला लागेल ती द्यावी लागते.